शेवटचे शंभर फूट

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करायचे, ही आपली रीत. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत ती पाळणे फार सोपे होते, कारण नळाला पाणीच मुळी रात्री अडीचला यायचे. वर्षभर आम्ही तेव्हाच उठत होतो. दिवाळीला फक्त उटणे अधिक. आई दोन हंडे आणि कळशी घेऊन रांगेत उभी राहायची, मी दारातल्या पिंपाशी. चारच्या सुमाराला नळ फुसफुसायला लागला की संपले. मग तासदोनतास डोळा लागायचा आणि पुढची झोप शाळेत पुरी व्हायची.

वस्तीपासून शंभर फुटांवर, रस्त्याच्या कडेने, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या व्यासाची जलवाहिनी गेली होती. तिच्यावर आम्ही गोधड्या वाळत घालायचो. कान लावला तर आतल्या पाण्याचा आवाज यायचा. पाणी नाही म्हणून आम्ही रात्रीचे जागत नव्हतो. पाणी शेजारून वाहत होते. जे नव्हते ते त्या वाहिनीपासून आमच्या दारापर्यंतचे शंभर फूट.

मी अभियंता नाही. दहावीनंतर शिक्षण सुटले. पुढे वस्तीतल्या सामुदायिक शौचालयाच्या समितीचा हिशेब माझ्याकडे आला, आणि तो काही केल्या जुळेना. तो का जुळत नाही हे समजून घेण्यासाठी वाचायला लागले. मग अहवाल, न्यायालयाचे निकाल, माहिती अधिकारातली कागदपत्रे असा नादच लागला. इतक्या वर्षांच्या वाचनातून आणि हिंडण्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. गरीब वस्त्यांच्या पाण्याची आणि संडासांची योजना धरणापाशी किंवा मंत्रालयात सुरू होत असेल, पण ती तरते की बुडते हे शेवटच्या शंभर फुटांत ठरते. तेवढ्याच तुकड्याकडे कोणाचे लक्ष नसते. तो तुकडा आपण नीट पाहू. त्यासाठी मुंबईचे उदाहरण घेते, कारण तिची माहिती बरीचशी सार्वजनिक आहे.

कमी पाणी, जास्त दाम

मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून पाणी मिळते. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तानसा १८९२ मध्ये. यांतले लांबचे जलाशय शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत आणि तिथले पाणी बरेचसे उतारानेच शहरात येते. रोजचा पुरवठा सुमारे ३८०० दशलक्ष लिटरचा. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. नुसता भागाकार केला तर माणशी रोज तीनशे लिटर येतात. गळती, कारखाने, हॉटेले, वाढलेली लोकसंख्या हे सारे वजा केले तरी उरणारा आकडा तहानलेल्या शहराचा नाही.

पण वाटप सारखे नाही. इमारतीत राहणाऱ्या माणसासाठी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर, असे मुंबईतले परिमाण वर्षानुवर्षे चालत आले. अंघोळ, भांडी, कपडे, संडास या गरजा पत्त्याप्रमाणे बदलत नाहीत, पण परिमाण बदलते. आणि हे ४५ लिटर तरी नळजोडणी असलेल्यांसाठी. ज्यांना जोडणीच नाही, ते विकत घेतात.

विकतच्या पाण्याचा हिशेब करून पाहू. पाच माणसांच्या घराला ४५ लिटरप्रमाणे रोज २२५ लिटर लागतील. पस्तीस लिटरचा कॅन दहा रुपयांना मिळतो असे धरू. कित्येक वस्त्यांत तो याहून महाग असतो. रोजचे साधारण ६४ रुपये झाले, महिन्याचे १९०० रुपयांच्या वर. हेच पाणी महापालिकेच्या घरगुती दराने घेतले तर? तो दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. म्हणजे महिन्याच्या पावणेसात हजार लिटरचे सत्तर रुपयेसुद्धा होत नाहीत. जो सर्वांत कमी कमावतो, तो त्याच पाण्याला पंचवीस-तीसपट दाम मोजतो. ‘झोपडपट्टीवाल्यांना सगळे फुकट हवे असते’ असे म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

शिवाय २२५ लिटर म्हणजे २२५ किलो. पंधरा लिटरच्या हंड्याने रोज पंधरा खेपा. त्या कोण घालते, हे सांगायला नको.

कागदाची गाठ

हे शंभर फूट अडतात कुठे? पहिली गाठ कागदाची.

महाराष्ट्रात झोपड्यांच्या संरक्षणासाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली; नंतर ती १ जानेवारी २००० झाली. ही तारीख मुळात पुनर्वसनाचा हक्क कोणाला, हे ठरवण्यासाठी. पण १९९६च्या शासकीय परिपत्रकाने तीच पाण्याला लागू झाली. तारखेनंतरच्या झोपडीला नळ द्यायचा नाही. घराचा कायदेशीरपणा आणि माणसाची तहान यांची एकच फाईल झाली.

याविरुद्ध पाणी हक्क समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि अजय गडकरी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. झोपडी बेकायदा असली म्हणून त्यात राहणाऱ्याला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. महापालिकेने अशा रहिवाशांसाठी धोरण आखावे, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी, कायदेशीर घरात राहणाऱ्यांच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क त्यांना नाही, असेही म्हटले. सामाईक नळ द्यावा, दर थोडा जास्त लावला तरी चालेल, अशी ती चौकट होती. पुढे मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर झाले आणि वस्ती कधीची, कशी, हे न विचारता मानवतेच्या भूमिकेतून जोडणी देण्याचे तत्त्व मान्य झाले.

ही पावले मोठी आहेत. पण तत्त्व मान्य झाल्यावरही अर्जदाराला राहत्या जागेचा पुरावा लागतोच. जमीन रेल्वेची, बंदराची, वनखात्याची किंवा खासगी असेल तर ना-हरकत पत्राचा प्रश्न येतोच. ज्याच्याकडे कागद नाही त्याला नळ नाही. आणि पाणीपट्टीचे बिल हाच अनेकांना मिळू शकणारा पहिला कागद असतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. ‘हे बिल मालकीचा पुरावा नाही’ एवढे एक वाक्य बिलावर छापले की जमीनमालकाच्या हक्काला धक्का लागत नाही आणि माणसाला पाणी मिळते.

नळीची गाठ

कागद जुळले तरी दुसरी गाठ उरते. वस्तीत सहसा एकट्या घराला जोडणी मिळत नाही. पाच किंवा अधिक घरांनी गट करून अर्ज करायचा, परवानाधारक प्लंबर धरायचा, आणि महापालिकेच्या वाहिनीपासून आपल्या गल्लीपर्यंतची नळी स्वतःच्या खर्चाने टाकायची. इमारतीला हे जड जात नाही, कारण वाहिनी फाटकाशीच असते. वस्ती मात्र रस्त्यापासून आत, टेकडीवर किंवा नाल्याकाठी असते. तिथे शंभराचे तीनशे फूटही होतात. पैसे कमी म्हणून नळी बारीक घेतली जाते. एका गटाची एक, दुसऱ्याची दुसरी, अशा पन्नास बारीक नळ्या एकाच गटारातून, एकमेकींना खेटून आत जातात.

इथे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आड येतो. नळीच्या भिंतींशी घासून पाण्याचा दाब कमी होतो. नळीचा व्यास निम्मा केला आणि तेवढेच पाणी नेऊ पाहिले, तर दाबाची ही घट दुप्पट होत नाही, सुमारे बत्तीसपट होते. म्हणून पन्नास बारीक नळ्यांऐवजी एकच जाड नळी गल्लीच्या तोंडापर्यंत आणली आणि तिथून पुढे फाटे फोडले, तर तेवढ्याच दाबावर टोकाच्या घरालाही पाणी चढते. एकूण खर्चही बहुधा कमी होतो. फक्त तो पन्नास कुटुंबांच्या खिशातून तुकड्यातुकड्याने जाण्याऐवजी पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतो. आज तो दिसत नाही, म्हणून नाहीच असे आपण समजतो.

वेळेची गाठ

तिसरी गाठ वेळेची. आपल्या बहुतेक शहरांत पाणी काही तासच येते. पालिकेचे चावीवाले ठरल्या वेळी झडपा उघडतात, बंद करतात, आणि पाणी एका भागातून दुसऱ्या भागात फिरवतात. वस्तीच्या वाट्याला अवेळी आणि कमी दाबाचे तास आले की लोक मोटर लावतात. एकाने लावली की शेजाऱ्याला लावावीच लागते, आणि जिच्याकडे मोटर नाही तिच्या नळातून हवा येते.

यात आरोग्याचा एक धोका आहे, तो फारसा कोणी समजावून सांगत नाही. नळीत दाब असतो तोवर भेगेतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, दाब बाहेर जास्त आणि आत कमी होतो, आणि त्याच भेगेतून गटाराचे पाणी आत खेचले जाते. मोटर लावली की हे आणखी जोरात होते. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ निघालेले पाणी शेवटच्या शंभर फुटांत नासते. आम्ही पहिली बादली नेहमी मोरीत ओतायचो. ‘पहिलं पाणी सोडायचं’ असे आई म्हणायची. तिला शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव चुकीचा नव्हता.

कर्नाटकात हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पुरवठा सुरू झाला. तिथे संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या भागांतले पाणी तपासले. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात दूषितता स्पष्टपणे जास्त आढळली. चोवीस तास पाणी मिळणाऱ्या भागांत विषमज्वराचे प्रमाण कमी दिसले. लहान मुलांच्या एकूण अतिसारात मात्र मोठा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष दोन्ही अंगांनी महत्त्वाचा आहे. पाणी सुधारले की बरेच सुधारते, सगळे नाही. उरलेले संडासाकडे बोट दाखवते.

बांधून झालेला संडास

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ ते २००५ या काळात मुंबईत जो मलनिःसारण प्रकल्प झाला, त्यात झोपडपट्ट्यांसाठी वेगळा स्वच्छता कार्यक्रम होता. तीनशेहून अधिक सामुदायिक शौचालये त्यातून उभी राहिली. पूर्वीच्या पद्धतीत आणि यात फरक होता. लोकांनी आधी समिती स्थापायची, प्रौढ माणशी शंभर रुपये आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त पाचशे रुपये भरायचे, मग बांधकाम. आणि नंतरची देखभाल महिन्याच्या पासच्या पैशांतून समितीनेच करायची. पुण्यातही १९९९ ते २००१ दरम्यान, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, स्वयंसेवी संस्था आणि वस्तीतल्या बायकांच्या गटांना बरोबर घेऊन मोठ्या संख्येने शौचालये बांधली गेली. बायकांसाठी वेगळे दार, मुलांसाठी छोटी भांडी, वर राखणदाराची खोली, हे बदल वापरणाऱ्यांना विचारल्यामुळे झाले.

मग आमच्यासारख्या समित्यांचा हिशेब का जुळत नव्हता? जमेला पासचे पैसे. खर्चाला राखणदाराचा पगार, सफाईचे सामान, वीज, पाणी, आणि सेप्टिक टाकी उपसण्याची गाडी. वीज आणि पाण्याचे बिल घरगुती दराने नव्हे, व्यापारी दराने यायचे, जणू आम्ही तिथे हॉटेल चालवत होतो. पास महाग केला की सर्वांत गरीब घरे यायची बंद होत आणि मुले रुळाकडे जात. पास स्वस्त ठेवला की टाकी उपसायला पैसे उरत नसत. टाकी तुंबली की बायकांची रांग पहिली बंद पडायची. एका उन्हाळ्यात आमच्याकडे अकरा दिवस कुलूप होते. त्या दिवसांत वस्तीतल्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हत्या. मुतखडा, लघवीची जळजळ यांची कारणे दवाखान्यात विचारतात. उत्तर त्या कुलपात असते.

स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक सीट हवी. निकष चांगला आहे. पण सीट मोजताना ती चालू आहे का, तिथे पाणी आहे का, तिच्याखालचा मैला जातो कुठे, हे त्याच कागदावर मोजले गेले पाहिजे. मैला हेही शेवटच्या शंभर फुटांचेच प्रकरण आहे, फक्त उलट दिशेने. मलवाहिनी मुख्य रस्त्यावरून जाते. वस्तीतला संडास टाकीवर किंवा सरळ नाल्यावर थांबतो. आणि ती टाकी हाताने उपसायला जो माणूस उतरतो, तो बहुतेक वेळा विशिष्ट जातीचाच असतो. २०१३च्या कायद्याने हे काम करून घेण्यावर बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचाच अर्थ माणसे अजून उतरत आहेत.

तीन ठिकाणी काय केले

शेवटचा तुकडा जोडता येतो, याची तीन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात.

पहिले कराचीच्या ओरंगी वस्तीचे. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केले. त्यांनी मलनिःसारणाचे दोन भाग केले. घरातला संडास, गल्लीतली नळी आणि मोहल्ल्याची नळी हा आतला भाग. मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण हा बाहेरचा. आतला भाग लोकांनी करायचा, बाहेरचा सरकारने. वीस-पंचवीस घरांची गल्ली हा एकक. गल्लीने पैसे गोळा करायचे, संस्थेने नकाशा, मोजमाप आणि साचे द्यायचे. ठेकेदार नसल्याने आणि रचना साधी ठेवल्याने खर्च सरकारी अंदाजाच्या तुलनेत फारच कमी आला. पण हा धडा अर्धाच वाचण्याची आपल्याकडे सवय आहे. ‘बघा, लोक स्वतः करतात’ एवढेच सांगितले जाते. लोकांनी आतले केले ते बाहेरचे सरकारने करावे या करारावर. पुढे परवीन रहमान यांनी वर्षानुवर्षे नाल्यांचे, वस्त्यांचे, पाणीचोरीचे नकाशे काढून त्या बाहेरच्या भागाचा पाठपुरावा केला. मार्च २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली. नकाशा काढणे हे किती धोक्याचे काम असू शकते, हे त्यावरून कळते.

दुसरे उदाहरण ओडिशातल्या पुरीचे. जुलै २०२१ मध्ये तिथे चोवीस तास, थेट नळातून पिता येईल असे पाणी सुरू झाले, आणि वस्त्याही त्यात होत्या. मीटर वाचणे, बिल देणे, पैसे गोळा करणे, पाण्याची तपासणी करणे ही कामे बचत गटांतल्या बायकांना ‘जलसाथी’ म्हणून मोबदल्यावर दिली. दारात येणारी बाई ओळखीची असली की तक्रारही वर पोचते आणि बिलही भरले जाते. त्याच राज्यात २०१७ मध्ये झोपडपट्टीतल्या रहिवाशांना जमिनीचे हक्क देणारा कायदा झाला होता. म्हणजे कागदाच्या गाठीवरही तिथे सरकारनेच हात घातला होता.

तिसरे आपल्याच घरचे. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपालिकांनी २०१८च्या सुमारास टाक्या उपसण्याचे वेळापत्रक आखले. तुंबल्यावर फोन करायचा नाही. दर तीन वर्षांनी गाडी ठरल्याप्रमाणे येणार, यंत्राने उपसणार, आणि मैला शुद्धीकरण केंद्रात जाणार. प्रत्येक खेपेला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, खर्च करातून भागतो. आमच्या समितीचा न जुळणारा हिशेब एवढ्या एका गोष्टीने जुळला असता.

मोजायचे काय

या सगळ्यातून मागण्या निघतात त्या साध्या आहेत. जमिनीचा वाद आणि नळजोडणी यांची फाईल वेगळी करावी. गल्लीच्या तोंडापर्यंतची जाड नळी पालिकेने टाकावी आणि जोडणीची रक्कम बिलातून हप्त्यांनी घ्यावी; रोज कॅनला साठ रुपये देणारे घर महिन्याचा हप्ता नक्की देऊ शकते. पाणी येण्याची वेळ लेखी कळवावी आणि ती पाळावी. सामुदायिक शौचालयांना वीज-पाणी घरगुती दराने मिळावे आणि टाकी उपसणे पालिकेच्या वेळापत्रकात असावे. जागा असेल तिथे मलवाहिनी आत आणून घरातच संडास द्यावा, कारण बाई रात्री कुठे जाणार, या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे.

आणि मोजणी बदलावी. किती नळ दिले, किती सीट बांधल्या, हे आकडे वाहिनीच्या तोंडाशी मोजलेले असतात. मोजणी वस्तीतल्या शेवटच्या घरापाशी व्हावी. तिथे पाणी किती तास येते, बादली किती मिनिटांत भरते, सर्वांत जवळचा चालू संडास किती पावलांवर आहे, एवढ्या तीन गोष्टी. यासाठी ना मोठा निधी लागतो, ना सल्लागार. घड्याळ, बादली आणि वही पुरते. आमच्या वस्तीत आम्ही काही बायकांनी हे केले आहे. आमचे आकडे घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा समोरच्या टेबलावरच्या साहेबांनी ‘बसा’ म्हटले.

आई आता नाही. आमच्या जुन्या घरात आता माझा भाऊ राहतो. त्याच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येते, पाऊण तास. तो त्याला सुधारणा म्हणतो, आणि ती आहेच. त्याची मुलगी यंदा दहावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची पूर्वपरीक्षा, आणि पाणी भरायची पाळी तिचीच.